दोन दांड्यांमधली रिकामी जागा

बाई मेसेज मोठ्याने वाचत. मनातल्या मनात नाही, पुटपुटतही नाही; गणपतीसमोर आरती म्हणावी तशा खड्या आवाजात. "दांडी. रुग्णक्रमांक. दांडी. आडनाव, टोपी, नाव, टोपी, मधलं नाव. दांडी. जन्मतारीख. दांडी. स्त्री. दांडी." संगणक विभागाचं दार उघडं असलं की हे सगळं माझ्या नोंदणीच्या खिडकीपर्यंत ऐकू यायचं आणि रांगेतला एखादा म्हातारा विचारायचा, "आत पोथी लावलीय काय?" मी म्हणायचो, "हो, रोजच असते."

आमचं रुग्णालय ट्रस्टचं, रत्नागिरी शहराबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर बांधलेलं. मी तिथे नोंदणी विभागाचा प्रमुख, म्हणजे खिडकीवर बसणाऱ्या सगळ्यांच्या चुकांचा धनी. बाई इंटरफेसवाल्या. हे काम नक्की काय असतं ते मला माझ्या बायकोलाही अजून नीट समजावता आलेलं नाही, तरी प्रयत्न करतो. आमचा संगणक एका पद्धतीने लिहितो, प्रयोगशाळेचा दुसऱ्या. खिडकीवर पेशंटचं नावगाव भरलं की त्याची एक लांबलचक ओळ तयार होते, तिला मेसेज म्हणतात. त्या ओळीत एक माहिती संपून दुसरी सुरू होते तिथे उभी रेघ असते. ती बाईंची दांडी. आडनाव आणि नाव वेगळं करायला छपरासारखं एक चिन्ह असतं, ती टोपी. ही ओळ वाटेत थांबते, तिथे तिचं भाषांतर होतं आणि मग ती प्रयोगशाळेत जाते. प्रत्येक रकान्याचं भाषांतर कसं करायचं याच्या चार ओळी आधीच लिहून ठेवलेल्या असतात, त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. कुठल्या रकान्यात काय बिघडलं ते शोधून काढणं हे बाईंचं काम. दुरुस्त करणं मात्र नाही. दुरुस्ती पुण्याची कंपनी करणार, बाईंनी फक्त तक्रार नोंदवायची, असं त्यांच्या करारात लिहिलेलं होतं. हा करार दरवर्षी नवा व्हायचा आणि दरवर्षी त्या कलमाशी येऊन बाई नाक मुरडायच्या.

त्या मूळच्या पालीच्या आतल्या अंगाच्या एका वाडीतल्या. मुंबईत एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी, मग तपासणीची यंत्रं संगणकाला जोडून देणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं, आणि पन्नाशी उलटल्यावर परत इकडे. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, केस मानेपर्यंत कापलेले, मनगटावर पुरुषी घड्याळ. यंत्रांच्या त्या थंडगार खोलीत दुपारी तळलेल्या बांगड्याचा डबा उघडायच्या आणि वास एसीच्या कृपेने सगळ्या मजल्यावर फिरायचा. प्रशासकांनी दारावर कागद लावला, 'आत खाद्यपदार्थ नेऊ नयेत.' बाई म्हणाल्या, "बांगडा खाद्यपदार्थ नाही. जेवण आहे." कागद राहिला आणि बांगडाही राहिला.

माणसांना त्या नावाने हाक मारत नसत. मी 'नोंदणी'. पॅथॉलॉजीचे डॉक्टर 'लॅब'. प्रशासकांना तोंडावर 'साहेब' म्हणायच्या, पण ते जिना चढताना दिसले की आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "मंजुरी आली." आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी सदोदित असायचं. "धरू नका. विचारा." डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट पोचला असं धरून चालू, की आलंच. मी म्हटलं, आज गर्दी कमी असेल, की आलंच. त्या वाक्याचा मला इतका कंटाळा आला होता की घरी मुलाने "बाबा, तुम्ही येताय असं धरतो" म्हटल्यावर माझ्याच तोंडून ते निसटलं आणि बायको हसत सुटली.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचं आरोग्य कार्ड मीच भरलं. पतीचं नाव विचारलं. म्हणाल्या, "रिकामं ठेवा."

"म्हणजे अविवाहित लिहू?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग मिस्टर..." मी जीभ चावली. "म्हणजे, वारले का?"

"तसंही म्हटलं नाही."

"बाई, हा रकाना भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही हो."

"मग त्याला सांगा, थांब म्हणून."

कॉम्प्युटर थांबला, मी थांबलो, मागची रांग थांबली. बाई खुर्चीत हाताची घडी घालून बसून राहिल्या. शेवटी तो रकाना सक्तीचा नाही असं मीच वरून करून घेतलं, तेव्हा कुठे त्या उठल्या. पुढे नर्सेसनी बाईंच्या नवऱ्याबद्दल बऱ्याच कथा रचल्या. कुणी म्हणे मुंबईत टाकून दिलं, कुणी म्हणे हिनेच टाकलं, कुणी म्हणे कधी नव्हताच. खरं काय ते कुणालाच कळलं नाही. मला आजही माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायचा मला काही अधिकार आहे असंही आता वाटत नाही.

एक जूनचं त्यांचं वैर मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडच्या जुन्या माणसांचे वाढदिवस एक जूनला येतात हे कोकणात कुणाला सांगायला नको. पोराला शाळेत घातलं, आईला तारीख आठवेना, मास्तरांनी एक जून लिहून टाकला. रुग्णालयात त्या दिवशी पन्नाशीपुढच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस असायचा आणि सगळ्यांत मिळून एक मोठा केक कापायचा रिवाज होता. बाईंचाही कागदोपत्री तोच दिवस. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना बोलवायला गेलो तर म्हणाल्या, "तो मास्तरांचा वाढदिवस आहे. त्यांना नेऊन द्या केक." त्यांची आई सांगायची, "झोडणी चालू व्हती, तवा झालीस." भाताची झोडणी कापणीनंतरची, जूनचा आणि तिचा काय संबंध? म्हणून त्या दरवर्षी गावाहून नवे तांदूळ आले की ज्या दिवशी जमेल त्या दिवशी घावण्यांचा डबा घेऊन यायच्या. हाच वाढदिवस. तारीख विचारली की म्हणायच्या, "माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणायला लाज कसली?"

आता कुणाला वाटेल, बाईंचं नेहमी बरोबरच असायचं. छे! एकदा मेसेज मधेच तुटतायत म्हणून त्यांनी भरल्या ओपीडीच्या वेळी सगळा इंटरफेस बंद करून ठेवला. स्क्रिप्टमध्ये खोट आहे म्हणून पुण्याच्या कंपनीला खडे बोल सुनावले. आणि निघालं काय, तर उंदराने वायर कुरतडली होती. प्रशासकांनी तो उंदीर शेवटपर्यंत विसरू दिला नाही. बाईंनी आवाज चढवला की ते शांतपणे म्हणायचे, "वायर बघितलीत का?" बाईंचा चेहरा लाल व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दांडी, टोपी, दांडी चालू.

शोधायची त्यांची रीत एकच. सगळे मेसेज एकदम बघायच्या नाहीत. एक मेसेज धरायचा आणि त्याच्या मागोमाग जायचं. आमच्या खिडकीतून निघाल्यापासून प्रयोगशाळेच्या पडद्यावर उमटेपर्यंत, रकान्यामागून रकाना. "गर्दीकडे बघितलं की सगळं ठीकच दिसतं," असं त्या म्हणायच्या.

त्या दोन जावा आल्या तो दिवस मात्र मला लख्ख आठवतो. थोरली चिऱ्याच्या पायऱ्यांवरून पडून खुब्याचं हाड मोडून आलेली, स्ट्रेचरवर. सोबत धाकटी. तिला स्वतःलाच चार दिवस ताप आणि अंगावर लाल ठिपके, तेव्हा आल्यासरशी तिचीही तपासणी करायची ठरलं. मी त्या दिवशी खिडकीवरच होतो. थोरलीला वय विचारलं.

"आसंल साठ-बासष्ट. साठ लिवा."

धाकटीला विचारलं, तर म्हणते, "मी तिच्याच बरोबरची. साठच लिवा."

"फोन नंबर?"

"आमचा पोरगा हाय मुंबैला, त्याचा लिवा."

"आणि तुमचा?"

"त्योच. घरात फोन उचलतो त्यो येकलाच."

आडनाव एक, गाव एक, वय एक, फोन एक. आम्ही त्यात काही वावगं केलं नव्हतं. खेड्यातली घरं अशीच नोंदवली जातात. दोघींचं रक्त गेलं. थोरलीच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि रक्त पातळ राहण्याची गोळी तिला कायमची चालू होती, म्हणून तिचं रक्त किती वेळात गोठतं ते बघायचं होतं. धाकटीला डेंग्यूची शंका, म्हणून तिचीही तीच तपासणी.

दुपारपर्यंत थोरलीचे रिपोर्ट आले, धाकटीचे येईनात. ती अंगात ताप घेऊन दर थोड्या वेळाने खिडकीशी येऊन उभी राहायची. "आमचा कागद नाय आला?" शेवटी मी बाईंकडे गेलो. त्या डबा उघडतच होत्या. तिचं नाव ऐकून डबा मिटला, मेसेज काढला आणि आरती सुरू केली. "दांडी. आडनाव, टोपी, नाव. दांडी. जन्मतारीख, एक जून."

आवाज थांबला.

"हिने एक जून सांगितला?"

"नाही हो. वय सांगितलं, साठ. तारखेचा रकाना आम्ही रिकामा सोडला."

"मग रिकामा निघाला आणि वाटेत भरला." त्यांनी आमच्या बाजूचा मेसेज बघितला. दोन दांड्या लागून लागून, मध्ये काही नाही. पलीकडच्या बाजूला बघितलं, तर त्याच दोन दांड्यांमध्ये एक जून. मग थोरलीचा मेसेज काढला. तिथेही एक जून, तेच साल. बाईंनी त्या रकान्याची स्क्रिप्ट उघडली. जन्मतारीख नसेल तर वयावरून साल काढ आणि एक जून टाक, अशी सूचना होती. लिहिणाऱ्याने वर इंग्रजी अक्षरांत मराठीतच शेरा मारून ठेवला होता, 'आपल्याकडे चालतं.'

प्रयोगशाळा बाहेरच्या कंपनीची. त्यांचा संगणक आमचा रुग्णक्रमांक जुमानत नसे. माणूस नवा की जुना ते तो स्वतः ठरवायचा. आडनाव, गाव, जन्मतारीख आणि फोन जुळला की एकच माणूस. नाव तो बघतच नव्हता, कारण बायका एकदा माहेरचं नाव सांगतात आणि एकदा सासरचं, त्याने घोळ होतो असं कुणीतरी ठरवलं होतं. म्हणजे त्याच्या लेखी या दोन जावा नव्हत्याच. एकच बाई होती, आणि धाकटीचा रिपोर्ट थोरलीच्या नावावर, थोरलीच्या रिपोर्टच्या वर जाऊन बसला होता.

बाईंनी फोन उचलला आणि ऑपरेशन थिएटरला लावला. थोरलीला शस्त्रक्रियेसाठी खाली नेलं होतं. सर्जन फोनवर आले. "रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे, मी स्वतः बघितला," ते म्हणाले.

"तो तिचा नाही, तिच्या जावेचा आहे. हात लावू नका. परत रक्त घ्या, आणि नळी माणसाच्या हातात देऊन पाठवा."

सर्जन शहाणे होते. त्यांनी वाद घातला नाही. बाईंनी फोन ठेवला आणि दुसऱ्या हाताने इंटरफेस बंद केला.

पुढच्या अर्ध्या तासात सगळ्या रुग्णालयाचा जीव खाली-वर झाला. रिपोर्ट पडद्यावर दिसेनात, वॉर्डबॉय कागद घेऊन पळू लागले, डॉक्टर ओरडू लागले. प्रशासक जिना चढून आले. आज 'मंजुरी आली' असं कुणी म्हटलं नाही.

"पुन्हा उंदीर?" त्यांनी विचारलं.

"उंदीर नाही साहेब. माणूस आहे." बाईंनी त्यांना शेरा दाखवला.

साहेबांनी वाचला. "बरं, ती पेशंट सापडली ना? मग चालू करा. कंपनीकडे तक्रार नोंदवा, ते बघतील."

"ती सापडली. बाकीच्या? आज वॉर्डात एक जूनच्या किती बायका झोपल्यायत आणि त्यांच्या नावावर कुणाचे रिपोर्ट आहेत, सांगता तुम्ही?"

पुण्याला फोन लावला. स्पीकरवर एक तरुण आवाज आला. तो आमच्याच सावर्ड्याकडचा निघाला. स्क्रिप्ट त्यानेच लिहिली होती. "म्याम, तारीख नसली की पुढचं सॉफ्टवेअर मेसेज परत पाठवतं. काहीतरी टाकायलाच लागतं. आणि आपल्याकडे सगळ्यांचा एक जूनच असतो ना? माझ्या आजीचा पण तोच आहे."

"आजीला विचारलंस कधी?"

"काय?"

"तिची आई काय सांगायची, कुठल्या दिवसांत झाली ती? विचारलंस?"

यावर तो म्हणाला, "म्याम, बदल करायला वरून मान्यता लागते. महिना तरी जाईल."

"महिनाभर मी हे असं पाठवणार नाही."

साहेबांनी स्पीकर बंद केला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुम्ही तक्रार करायची, हात लावायचा नाही. करारात स्पष्ट आहे. लावलात तर करार संपला, हे मी या नोंदणीवाल्यांच्या समोर सांगतोय."

मला त्या क्षणी तिथून उठून जावंसं वाटत होतं. बाईंचं घर त्या पगारावर चालायचं, गावाकडे त्यांची म्हातारी आई होती, आणि रत्नागिरीत हे काम देणारी दुसरी जागा नव्हती. हे साहेबांनाही माहीत होतं. त्यांनी ते मुद्दाम हळू आवाजात सांगितलं होतं.

बाईंनी चष्मा पुसला. त्या ओळी पुन्हा एकदा मोठ्याने वाचल्या, अगदी 'आपल्याकडे चालतं' सकट. आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकल्या. "आपल्याकडे नाही चालत," त्या म्हणाल्या. मग त्या जागी त्यांनी दुसऱ्या ओळी लिहिल्या. तारीख रिकामी असेल तर मेसेज थांबव, माणसाला बघू दे. इंटरफेस चालू केला आणि माझ्याकडे वळल्या. "काय हो नोंदणी, बघता काय? थांबलेले मेसेज तुमच्याकडे येणार. वॉर्डात जा आणि एकेकीला विचारा."

मी मनात त्यांना चार शिव्या घातल्या आणि गेलो. आम्ही सगळे खाटेखाटेशी जाऊन नावं, माहेरची नावं, नवऱ्यांची नावं विचारत हिंडलो, आणि आणखी एक जोडी सापडली: गणपतीपुळ्याच्या बाजूच्या दोन चुलत जावा, एकाच पुतण्याचा फोन. त्यांच्या साखरेचे रिपोर्ट एकमेकींत गेले होते. संध्याकाळी सर्जनांचा फोन आला. थोरलीचं रक्त पाण्यासारखं पातळ निघालं होतं. त्या अवस्थेत कापलं असतं तर थांबवता आलं नसतं. गोळी बंद करून ऑपरेशन पुढे ढकललं. धाकटीने हे ऐकून मला विचारलं, "म्हंजे माजा कागद तिला मारनार व्हता?" मग तिने जावेच्या खाटेशी जाऊन तिचे पाय चेपायला घेतले.

बाईंच्या बाबतीत साहेब दिल्या शब्दाला जागले. अगदीच वाईट दिसू नये म्हणून त्यांनी एक वाट ठेवली. 'माझ्याकडून चूक झाली' एवढं लिहून द्यायचं, करार पुढे चालू. कागद टाइप करून आणला होता. बाईंनी तो वाचला, एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, काय चूक झाली ते यात नाही. मी सही करते. ती जागा तुम्ही तुमच्या हाताने भरा." साहेबांनी पेन उघडलं. बराच वेळ ते कागदावर टेकवून बसले आणि मग त्यांनी टोपण लावलं. बाई त्याच दिवशी डबा आणि छत्री घेऊन गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. मला इतका राग आला होता की मी साहेबांना आठवडाभर नमस्कार केला नाही. त्यांना ते कळलंही नसेल, पण मला बरं वाटलं.

काही महिन्यांनी पुण्याच्या कंपनीने आणि प्रयोगशाळेने मिळून नवी आवृत्ती आणली. जन्मतारीख रिकामी चालेल, तारीख नसताना दोन माणसं परस्पर एक केली जाणार नाहीत, आणि नावही बघितलं जाईल. ही त्यांनी स्वतःची सुधारणा म्हणून मोठ्या दिमाखात सांगितली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

बाई आता पालीच्या बाजारपेठेत एक खोली घेऊन बसल्यात. तिथून त्या कुठल्या कुठल्या रुग्णालयांचे मेसेज तपासतात. खाली किराणा दुकान आहे. दुकानदार सांगतो, वरती पोथी चालू असते.

परवा त्या आमच्याकडे आल्या, मोतीबिंदूच्या तपासणीला. खिडकीवर नवी मुलगी होती, बाईंना न ओळखणारी. मी मागच्या टेबलावर होतो. बाईंनी मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही, आधी नोंदणी.

"मावशी, वय?"

"साठ."

"जन्मतारीख?"

"माहीत नाही."

"आधारवर असेल ना?"

"आधारवर मास्तरांची आहे. माझी माहीत नाही."

मुलीने बिचकून माझ्याकडे मान वळवली. मी म्हटलं, "रिकामी सोड." तिने सोडली. पडद्याने काही कुरकुर केली नाही. मग तिने पुढचा रकाना विचारला, "पतीचं नाव?"

इतक्या वर्षांची ओळख. मी जागेवरून उठत झटकन म्हणालो, "तेही रिकामं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"काय हो नोंदणी," त्या म्हणाल्या, "तिने मला विचारलंय ना?"

मी खाली बसलो. मुलीने मान वर केली आणि पुन्हा, नीट विचारलं, "मावशी, पतीचं नाव काय लिहू?"

"रिकामं ठेव," बाई म्हणाल्या.

तिने रिकामं ठेवलं, आणि मेसेज पुढे गेला.